चाळीस मोटरहोम आणि मी

मित्रांनो, आधी सरळ बसा. पाय हलवत ऐकणाऱ्यांना मी काही सांगत नाही.

मी कॅरॅव्हॅन आहे. वय अठ्ठावीस वर्षे, लांबी साडेपाच मीटर. दोन चाके, दोन बिछाने, एक शेगडी आणि अकरा कपाटे. इंजिन मला नाही, आणि हे मी खाली मान घालून सांगत नाही. पालखीला पाय नसतात. तिला वाहून नेणारे असतात. मोटार मला ओढते, मी तिच्यामागून डौलाने येते, आणि मुक्कामाला पोहोचल्यावर मोटारीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. लोक माझे दार उघडतात. निदान पूर्वी तशी रीत होती.

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी नावाचा पावसाळी मुलूख आहे. तिथले एर्वे आणि सोलांज हे माझे यजमान. एर्वे रेल्वेत सिग्नल सांभाळी. सोलांज एका शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे मुलांचे जेवण रांधी. त्यांनी मला नवीकोरी घेतली त्या दिवशी सोलांजने माझ्या पत्र्यात पाहून आपले केस सारखे केले होते, इतकी मी चकचकीत होते. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून पातळ प्लायवूड आणि दोहोंच्या मध्ये लाकडी सांगाडा, अशी माझी घडण. पहिली काही वर्षे मी ऑगस्टमधल्या तीन आठवड्यांपुरतीच बाहेर पडत असे. त्यांच्या दोन्ही मुली माझ्या बिछान्यावर भांडल्या, वाढल्या आणि आपापल्या संसाराला गेल्या.

माझे खरे दिवस सुरू झाले ते दोघे निवृत्त झाल्यावर. डिसेंबर लागला की एर्वे मला मोटारीला जुंपी. सोलांज माझ्या कपाटांत बारा किलो कुट्टूचे पीठ आणि खारवलेले लोणी भरी, कारण परक्या पिठाच्या धिरड्यांवर तिचा विश्वास नव्हता. मग स्पेन ओलांडून आम्ही जहाजात चढत असू आणि मोरोक्कोच्या टँजिअर बंदरात उतरत असू. तिथला अधिकारी एक कागद भरून एर्वेच्या हाती देई. त्यानंतर दोन दिवस दक्षिणेला. तिझनित गावापासून अर्ध्या तासावर, अटलांटिक महासागराच्या काठी, आमचा तळ होता. तीन महिने आम्ही तिथे ऊन खात असू. असे अकरा हिवाळे झाले.

पहिल्या हिवाळ्यात त्या तळावर आम्ही एकोणीस कॅरॅव्हॅन होतो. आमच्यापैकी कोणी फाटकातून आत आली की सगळा तळ हातातले काम टाकून उठे. मोटार सोडायची आणि चार-पाच जणांनी मिळून कॅरॅव्हॅन हाताने जागेवर ढकलायची, असा रिवाज होता. "डावीकडे! तुझं डावं नव्हे, माझं डावं!" असा आरडाओरडा होई. मग एर्वे पाणसळ लावून मला समपातळीत आणी आणि चारही कोपऱ्यांचे टेकू फिरवून जमिनीवर टेकवी. पाणसळीवर सोलांजचा भरवसा नसे. ती तवा तापवून त्यात तेलाचा थेंब सोडी. थेंब मधोमध थांबला तरच ती म्हणे, "आता आपण पोहोचलो." पहिले धिरडे ढकलणाऱ्यांना मिळे.

दरवर्षी कॅरॅव्हॅन कमी होत गेल्या आणि मोटरहोम वाढत गेल्या. मोटरहोम म्हणजे जिच्या पोटातच इंजिन आणि चालकाची खुर्ची असते ती. तिला कोणी ढकलावे लागत नाही. ती येते, थांबते, तिचा मालक किल्ली फिरवतो आणि संपले. या वर्षी तळावर चाळीस मोटरहोम होत्या, आणि कॅरॅव्हॅन एकच. मी.

आम्ही आलो तेव्हा ढकलायला दोघेच आले. त्यांतला एक तळाचा रखवालदार मुबारक, आणि ते त्याचे कामच होते. दुसरे होते लियोंहून आलेले ब्याऐंशी वर्षांचे विधुर, रेमों. त्यांनी ढकलले कमी आणि बोलले जास्त.

"काय रे एर्वे, ही गोगलगाय अजून पाठीवरच का?"

"तू ढकल, रेमों. तोंडाने चाकं फिरत नाहीत."

"माझीला तर हातही लावावा लागत नाही. किल्ली फिरवली की झालं."

ढकलताना एर्वेच्या खांद्यात कळ आली. ती मी पाहिली, रेमोंनी पाहिली आणि सोलांजनेही पाहिली.

रेमोंची मोटरहोम माझ्या शेजारीच उभी होती. तिला मी सवत म्हणत असे, आजही म्हणते. पांढरीशुभ्र, उंच, आरशांचे कान बाहेर काढून मिरवणारी. त्या भागात चित्रकार आहेत, ते मोटरहोमच्या पाठीवर वाळवंटाचे देखावे रंगवून देतात. रेमोंनी तिला तिझनितला नेले आणि ती पाठीवर मावळता सूर्य आणि तीन उंट घेऊन परतली. सगळा तळ तिच्यामागे गोळा झाला. "वा! वा!" चालले होते. तिसऱ्या उंटाचे पाय मी मोजले. तीनच होते. ते कोणाच्याही लक्षात आले नाही, आणि मला वाचा नाही.

पुढच्या रविवारी रेमोंनी दोघांना कॉफीला बोलावले. सोलांज सवतीच्या आत गेली आणि तिचा आवाज खिडकीतून माझ्यापर्यंत आला.

"अगं बाई! इथे भट्टीसुद्धा आहे! एर्वे, हे बघ, मोरीत उभं राहिलं तर गुडघे दाराला लागत नाहीत."

"कपाट उघडून बघ," रेमों म्हणाले. "आपोआप हळू मिटतं."

सोलांजने ते कपाट सहा वेळा उघडले. मी ऐकत होते. माझी अकरा कपाटे ढोपराने दाबल्याशिवाय मिटत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण त्याच ढोपराने तिने ती अठ्ठावीस वर्षे मिटली होती आणि कधी तक्रार केली नव्हती.

मित्रांनो, त्या दिवसापासून मला जे होत होते त्याला मी 'काळजी' असे नाव दिले होते. एर्वेच्या खांद्याची काळजी, सोलांजच्या गुडघ्यांची काळजी. आज वयाला शोभेल असे खरे सांगते. तो मत्सर होता. सोलांज सवतीच्या पायरीवर बसून मटार सोलू लागली की माझ्या अंगाचा तिळपापड होई. पाऊस पडावा आणि ती गळावी, अशी मी प्रार्थना केली. पाऊस पडला, ती कोरडी राहिली. मीच माझ्या पुढच्या कोपऱ्यातून थोडी आत ओलावले, आणि ते कोणालाही कळू दिले नाही. प्रतिस्पर्ध्यासमोर दुखणे सांगणारी मी नव्हे.

फेब्रुवारीच्या अखेरीस, दुपारच्या जेवणानंतर, माझ्याच खिडकीखाली माझ्या भवितव्याचा निकाल लागला.

"माझी नजर गेली आता," रेमों म्हणाले. "परतीचा रस्ता मला झेपणार नाही. एर्वे, तू माझी गाडी चालव, मी शेजारी बसतो. घरी पोहोचेपर्यंत आवडली तर तुम्हीच घ्या. नाहीतर मुलगी दुसरं गिऱ्हाईक शोधेल."

"आणि आमची मोटार?" एर्वेने विचारले.

"ती मी आणते," सोलांज म्हणाली. "पण मागे कॅरॅव्हॅन लावून मी चालवणार नाही, हे आत्ताच सांगते."

एर्वेने खांदा चोळला.

"ती मुबारकला देऊन टाकू," तो म्हणाला. "आपण तरी किती दिवस ओढणार?"

सोलांजने माझ्याकडे पाहिले नाही. टेबलावरचे पावाचे कण ती बोटाने एका ओळीत लावत राहिली. "दे," ती म्हणाली.

मुबारकला हाक गेली. तो आला, ऐकून हरखला, आणि मग डोके खाजवू लागला.

"पण कागदाचं काय, सी एर्वे? बंदरावर लिहून घेतात ना? जे आणलं ते परत न्यायचं." तिकडे पुरुषांच्या नावाआधी आदराने 'सी' लावतात.

"अरे, तो नियम वाहनाला. हिला इंजिन आहे का?"

"नाही."

"मग हे वाहन नाही. हे सामान."

"माझी खुर्ची इथे विसरून गेलो तर मला कोणी पकडतं का?" रेमोंनी दुजोरा दिला.

"एकदा कागद वाच तरी," सोलांज म्हणाली.

"अकरा वर्षं तोच कागद आहे, सोलांज. त्यात काय वाचायचं?"

अशा तळांवरच्या निवृत्त माणसांची ही एक खोड आहे, मित्रांनो. दोन देशांचे सगळे कायदे त्यांना तोंडपाठ असतात. रोज संध्याकाळी लोखंडी गोळे फेकून खेळताना ते एकमेकांना शिकवतात. मूळ कागद मात्र कोणी उघडत नाही. त्या दिवशी मी 'सामान' ठरले.

माझी कपाटे रिकामी झाली. उरलेले पीठ सवतीकडे गेले, तवा सवतीकडे गेला, पडदेही उतरले. निघताना सोलांजने माझे दार दोनदा लावले. ते दोनदाच लावावे लागते. त्यात माया किती आणि सवय किती, हे मला आजवर ठरवता आलेले नाही. एर्वे सवतीच्या खुर्चीत उंच चढून बसला, रेमों त्याच्या शेजारी, आणि सोलांज मागून मोटार घेऊन गेली. उंटांची पाठ फाटकाबाहेर जाईपर्यंत मी पाहत होते.

तासाभरात मुबारकची बायको फाद्मा पिठाची गोणी डोक्यावर घेऊन आत आली. ती रोज सकाळी घडीच्या लुसलुशीत पोळ्या टोपलीत घालून तळावर विकत असे. समुद्राच्या वाऱ्याने त्यांवर वाळू बसे आणि गिऱ्हाइके टोमणे मारत, "फाद्मा, वाळू फुकट ना?" आता तिला चार भिंती मिळाल्या होत्या. माझ्या. मला त्या बाईचा राग आला. माझ्या गाद्या तिने उन्हात टाकल्या, माझी शेगडी उलटी करून घासली आणि पुढच्या कोपऱ्यातल्या बाकाखाली गोणी ठेवली. दुसऱ्या सकाळी गोणीचा तळ ओला होता.

तिने हुंगले. मग बाकाखाली दंडापर्यंत हात घातला.

"मुबारक! इकडे ये. हिचा कोपरा कुजलाय."

"फुकटची आहे, बाई. नाक कशाला मुरडतेस?"

"फुकटची असली तरी माझ्या पोळ्या इथेच व्हायच्यात. हत्यारं आण."

मुबारकने प्लायवूड सोलून काढले. आतली फळी बोटाने चुरडत होती. फाद्मा माझ्या भिंतीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "म्हातारे, एवढं आत ठेवून बसलीस? बोलायचं नाही का?"

मला अशा शब्दांत कोणी बोललेले नव्हते. मला ते आवडले नाही, असे मी स्वतःला सांगितले.

त्यांनी कोपरा दोन दिवस उघडा ठेवून वाळवला, नवी फळी बसवली, सांधा बाहेरून नीट बुजवला. चौथ्या सकाळी फाद्माने माझ्या शेगडीवर तवा चढवला. पोळ्यांचा वास सुटला आणि उरलेल्या एकोणचाळीस मोटरहोममधली माणसे ताटल्या घेऊन माझ्या दाराशी उभी राहिली. रांग मागच्या झाडापर्यंत गेली. एक बाई म्हणाली, "आज वाळू नाही का?" आणि सगळे हसले. त्या सकाळी त्या एकोणचाळीसजणींच्या दारांत कोणीही उभे नव्हते. मी कोणाचा मत्सर केला नाही. आयुष्यातली तशी ती एकच सकाळ.

पाचव्या दिवशी दुपारी आमची मोटार फाटकातून आत शिरली. मागे सवत नव्हती. एर्वे उतरला, त्याचा चेहरा भाजल्यासारखा लाल झाला होता.

"सी एर्वे! काय विसरलात?" मुबारकने विचारले.

"घर विसरलो," सोलांज म्हणाली.

"बंदरावरच्या साहेबाने कागद माझ्या नाकासमोर धरला," एर्वे म्हणाला. "'मोटार एक, कॅरॅव्हॅन एक. दुसरी कुठे आहे?' मी म्हटलं, तिला इंजिन नाही. तो म्हणाला, 'गाढवालाही नसतं. घेऊन या.' नऊशे किलोमीटर उलट आलो. रेमों गाडीत तिकडेच थांबलाय. आमची इथे राहायची मुदत चार दिवसांत संपते. हिला घेतल्याशिवाय सुटका नाही."

म्हणजे मला न्यायला माणसे आली होती, पण त्यांना कागदाने पाठवले होते. तुम्ही माझ्या जागी असता तर हसला असता की रडला असता? मी दोन्ही केले नाही. मला वळण आहे.

फाद्मा दारात उभी होती. हात पिठाने भरलेले. तिने आपले पीठ, आपला तवा, आपली टोपली एकेक करून बाहेर नेली. मग सोलांजला म्हणाली, "हाज्जा, घेऊन जा. पण आधी आत ये." तिकडे वयस्कर बायकांना मानाने हाज्जा म्हणतात, सोलांजला अकरा वर्षांत त्याची सवय झाली होती.

फाद्माने बाक उचलून नवी फळी दाखवली. "इथे सगळं कुजलं होतं. किती वर्षं हात घातला नव्हतास?"

सोलांज गुडघ्यांवर बसली. तिने फळीवरून हात फिरवला.

"मी दर शनिवारी पुसत होते," ती म्हणाली.

"दिसतं तेवढं पुसत होतीस."

सोलांजने मान हलवली. ती उठून बाहेर आली.

"एर्वे, कागद काढ. मोठ्याने वाच. सगळा."

एर्वेने चष्मा लावून अक्षर न अक्षर वाचला.

"आपला तंबू लिहिलाय का त्यात?"

"कुठला?"

"हिच्या कुशीला लावतो तो. माणूस उभं राहील एवढा, तिन्ही बाजूंनी बंद."

एर्वेने पुन्हा वाचले. "नाही."

"मग तो फाद्माचा. आणि मोटारीतलं खोकं उतरव, आपली बाहेर मांडायची जोडशेगडीही तिला दे. ती तरी लिहिली आहे का?"

"नाही."

"बघ, वाचल्यावर किती कळतं."

एर्वे, सोलांज आणि मुबारक यांनी मिळून तंबू उभा केला आणि फाद्माने आपली गोणी त्यात ठेवली. मित्रांनो, मी मोठ्या मनाची असते तर मला आनंद झाला असता. मला त्या तंबूचा हेवा वाटला. साधे कापड, चार काठ्या. उद्या सकाळची रांग त्याच्या दाराशी लागणार होती, आणि ज्या हातांनी माझे दुखणे शोधले ते आता त्याच्या कडा शिवणार होते. ज्यांना मी हवी होते त्यांच्याकडे माझा कागद नव्हता.

टँजिअरला पोहोचायला दोन दिवस लागले. पहिल्या मुक्कामी सोलांजने माझे एकेक बाक उचलून आत हात घातला. एर्वे म्हणाला, "आता हे कशाला? विकायचीच तर आहे." तिने पुढचे बाक उचलले.

बंदराबाहेर रेमों सवतीच्या पायरीवर बसून वाट पाहत होते. आता नवीच अडचण उभी राहिली. मला ओढणे एर्वेलाच जमते, रेमोंना दिसत नाही. म्हणून सवत चालवायची पाळी सोलांजवर आली. ती वर चढली. मी शेवटपर्यंत पाहत होते, की तिला ते आवडते का.

"क्लच हळू सोड," रेमोंचा आवाज आला. "ती गाडी आहे, कणीक नव्हे."

"तुमच्या उंटांना सांगा, घट्ट धरून बसा."

आम्ही एकामागून एक चौकीपाशी आलो. मी पुढे, सवत मागे. तोच अधिकारी होता. त्याने कागद घेतला, मोटारीला फेरी मारली आणि माझ्यापाशी येऊन माझ्या पत्र्यावर दोनदा बोट वाजवले.

"आणली तर. ही कोणाची?"

एर्वे खिसे चाचपू लागला. "म्हणजे, कागदावर..."

"माझी!" मागून आवाज आला. सोलांजने सवतीच्या उंच खिडकीतून कंबरेपर्यंत अंग बाहेर काढले होते. "माझी आहे!"

अधिकाऱ्याने कागद पाहिला. "इथे नाव तर यांचं आहे, बाई."

"नाव त्याचं असू दे. ती माझी."

मागच्या रांगेत कोणीतरी भोंगा वाजवला. अधिकाऱ्याने शिक्का मारला आणि आम्हाला जाऊ दिले.

सोलांज आता मला विकणार नव्हती, आणि त्यानंतर कोणी तो विषय काढलाही नाही. सवत त्याच महिन्यात लियोंच्या एका जोडप्याने घेतली. एर्वेच्या खांद्यासाठी मला ढकलणारे एक छोटे यंत्र बसवले आहे. त्याच्याशी माझे अजून जमलेले नाही. पण मी जिंकले, असे कोणी म्हणू नये. त्या शब्दाला अठ्ठावीस वर्षे लागली, तो माझ्या सवतीच्या खिडकीतून आला, आणि तोही शिक्का मारणाऱ्या माणसाने विचारल्यावर.

म्हणून सांगते, मित्रांनो, आणि ही विनंती नाही. तुमच्या घरात तुमच्यासाठी वर्षानुवर्षे राबणारे जे कोणी असेल, माणूस असो वा वस्तू, त्याला 'माझे' म्हणायला दुसऱ्या कोणी विचारण्याची वाट पाहू नका. ते आजच म्हणा. आणि नुसते म्हणून थांबू नका. जिथे कोणाची नजर जात नाही, तिथे आत दंडापर्यंत हात घाला, आणि बोटांना काय लागते ते पाहा.